गाडीत इन्व्हर्टर बसवताय? आधी वायर आणि फ्यूज बघा

या वेळी आलेल्या पत्रांत गाडीतल्या इन्व्हर्टरचेच प्रश्न जास्त आहेत. कुणी टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करतंय, कुणाची भजनी मंडळाची पिकअप आहे, कुणाला वडिलांना घेऊन लांब जायचंय. म्हणून आज सगळी जागा यालाच देतो. बहुतेकांनी विचारलंय की कोणता डबा, म्हणजे इन्व्हर्टर, घ्यावा, आणि मी बऱ्याच ठिकाणी वायरीबद्दलच बोलणार आहे, कारण गाडीत डबा बिघडण्यापेक्षा वायरिंगमुळे होणारे घोटाळे कितीतरी जास्त असतात.

प्रश्न (अंबाजोगाई): आम्ही दोघं रिटायर शिक्षक. जुनी ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून आत दोन बेड, छोटा ओटा असं काम चालू आहे. दोन पंखे, लाइट, मोबाइल-लॅपटॉप, मिक्सर, टीव्ही, फ्रीज आणि जमलं तर इंडक्शन चालवायचंय. बॉडीवाला म्हणतो साडेतीन केव्हीएचा घरगुती इन्व्हर्टर आणि चार ट्युब्युलर बॅटऱ्या टाका, टेन्शनच नको. बरोबर आहे का?

उत्तर: सर, मॅडम, नका टाकू. चार ट्युब्युलर म्हणजे ॲसिड-पाण्यासकट दोनशे किलोच्या पुढे वजन, म्हणजे गाडीत कायमची तीन माणसं बसवल्यासारखं, आणि तेही बहुतेक एका बाजूला. घाटात वळणावर हे वजन जाणवतं, ब्रेकला जाणवतं, टायरला जाणवतं.

आधी कागद-पेन घ्या आणि दिवसाला लागतं किती ते लिहा. बिलात जसं युनिट असतं तसंच इथंही, 1000 वॅट एक तास चाललं की एक युनिट. बीएलडीसी पंखा घेतला तर 30 वॅटच्या आसपास, दोन पंखे दहा तास म्हणजे 0.6 युनिट. साधे पंखे घेतले तर हाच आकडा दीड युनिटवर जातो, म्हणून पंखा बीएलडीसीच घ्या, यात काटकसर करू नका. लाइट 0.1, मोबाइल-लॅपटॉप 0.15, टीव्ही दोन तास 0.08. मिक्सर 500 वॅटचा असला तरी चटणी वाटायला चालतो किती, सगळा मिळून दहा मिनिटं, म्हणजे 0.1 सुद्धा नाही. फ्रीज मात्र घरचा नेऊ नका. गाडीसाठी 12 व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज मिळतो, साधारण 45 ते 60 वॅटचा, आपल्याकडच्या उन्हात तो निम्मा वेळ चालू राहील असं धरलं तरी अर्ध्या-पाऊण युनिटात दिवस निघतो. सगळं मिळून दीड ते पावणेदोन युनिट झालं बघा.

आता बॅटरी. 12.8 व्होल्टची 200 एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे 2.56 युनिट, त्यातलं 80 टक्के वापरायचं धरलं तर दोन युनिट हाताशी राहतात आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास. ट्युब्युलरमध्ये तेवढंच मिळवायचं तर 150 एएचच्या दोन लागतात, कारण लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. लिथियम घेताना विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा, आतली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, सलग किती अँपिअर देते आणि किती तापमानापर्यंत चार्ज होते. बऱ्याच बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा 45 ते 55 डिग्रीच्या दरम्यान दिलेली असते. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच 43-44 असतं आणि बंद गाडीच्या आत त्याच्या कितीतरी वर. म्हणून बॅटरी बेडखाली कोंडू नका, वारा खेळेल अशी जागा द्या, आणि गाडी उन्हात बंद करून ठेवली असेल तर आधी दारं-खिडक्या उघडून हवा जाऊ द्या.

इन्व्हर्टर किती? एका वेळी जास्तीत जास्त काय चालेल ते बघायचं. मिक्सर 500, टीव्ही, पंखे धरून सहा-साडेसहाशे वॅट. मिक्सर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो. शिवाय उन्हात इन्व्हर्टरची ताकद कमी होते, बऱ्याच डब्यांचं रेटिंग 25 किंवा 40 डिग्रीलाच दिलेलं असतं, त्याच्या वर तापला की तो आपणच लोड कमी करतो नाहीतर बंद पडतो. हे सगळं धरून 1500 वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लाट देणारा, तुम्हाला पुरून उरेल. पंखे आणि लाइटही 12 व्होल्टचे मिळतात, ते थेट बॅटरीवरच चालवा. जे 12 व्होल्टवर चालतं ते इन्व्हर्टरमधून फिरवायचंच नाही, कारण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः 10-20 वॅट खातो, चोवीस तासांत पाव ते अर्धा युनिट काहीही न करता संपतं. रात्री टीव्ही बंद केला की इन्व्हर्टरही बंद, असं करता आलं पाहिजे, म्हणून रिमोट स्विच असलेला घ्या आणि स्विच बेडजवळ लावा.

इंडक्शनचा नाद सोडा. 2000 वॅटचं इंडक्शन 12 व्होल्टवर चालवायला बॅटरीतून 190 अँपिअरच्या आसपास करंट ओढावा लागतो. एवढ्या करंटला वायर मनगटासारखी लागते, फ्यूज महाग, बॅटरीवर ताण, आणि चहा-खिचडी करता करता दिवसाची अर्धी वीज गेली. छोटी गॅस शेगडी ठेवा. फक्त सिलिंडर आणि इन्व्हर्टर एका कप्प्यात ठेवू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला की खाली साचतो, आणि इन्व्हर्टरच्या रिलेला किंवा स्विचला ठिणगी पडायला वेळ लागत नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच.

दुकानात डबा बघताना वर काय छापलंय त्यावर जाऊ नका. '2000 वॅट' मोठ्या अक्षरात असतं आणि तो आकडा पीकचा, म्हणजे सेकंदभराचा निघतो, सलग चालायचा आकडा बारीक अक्षरात असतो नाहीतर नसतोच. एक सोपी तपासणी सांगतो. मागच्या बाजूला किंवा झाकणाच्या आत डीसीच्या फ्यूज दिसतात. 30 अँपिअरच्या तीन असतील तर झाले 90 अँपिअर, 12 ने गुणलं की 1080. मग तो 2000 वॅट सलग देणार कुठून? आणि डब्यासोबत आलेली वायर बारीक असेल, मगरीच्या तोंडासारख्या क्लिपा असतील, तर ती सिगारेट लायटरवर मोबाइल चार्ज करण्याच्या लायकीची वस्तू आहे, घर चालवायची नाही.

चार्जिंगचं थोडक्यात सांगतो. इंजिनवरून चार्ज करायला मधे डीसी-टू-डीसी चार्जर टाका, 30 अँपिअरचा पुरे. नुसती वायर जोडली तर लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून मिळेल तेवढं ओढत राहते आणि अल्टरनेटर जळू शकतो. 30 अँपिअरने चार तास गाडी चालली तर दीड युनिट परत भरतं, म्हणजे तुमचा दिवसभराचा खर्च निघाला. गाडीची स्वतःची स्टार्टरची बॅटरी वेगळीच राहू द्या, तिच्यावर घरातलं काहीच नाही, म्हणजे रात्रभर पंखे चालले तरी सकाळी गाडी ढकलायची वेळ येणार नाही.

प्रश्न (उदगीर): माझ्या गाडीत 1000 वॅटचा चांगल्या कंपनीचा प्युअर साइन वेव्ह आहे. पंखा, टीव्ही मस्त चालतं पण छोटा घरगुती फ्रीज चालू झाला की इन्व्हर्टर पी-पी करतो आणि ट्रिप. दुकानदाराने दोनदा बदलून दिला तरी तेच. बॅटरी नवीन आहे. ड्रायव्हर सीटखाली बॅटरी आणि मागं ओट्याखाली इन्व्हर्टर, मधे दहा स्क्वेअर एमएमची वायर, साधारण पाच मीटर. आता कंपनी बदलू का?

उत्तर: कंपनी नका बदलू दादा, वायर बदला. तुम्ही अंतर आणि वायरीचं माप लिहून पाठवलं हे फार बरं केलं, उत्तर त्यातच आहे.

पाच मीटर जायचं आणि पाच मीटर यायचं, म्हणजे दहा मीटर तांबं. दहा स्क्वेअरच्या तांब्याच्या दहा मीटरला 0.0175 ओहम रेझिस्टन्स येतो. ऐकायला काहीच नाही वाटत. पण फ्रीजचा कॉम्प्रेसर उठताना, चालतानाच्या पाच-सात पट करंट ओढतो, त्या क्षणी बॅटरीकडून 80 अँपिअर जरी गेले तरी 80 गुणिले 0.0175 म्हणजे 1.4 व्होल्ट वायरीतच मेले. बॅटरीवर 12 असतील तर इन्व्हर्टरच्या तोंडाशी 10.6 पोचतात. बऱ्याच इन्व्हर्टरचा लो बॅटरी कटऑफ 10.5 ला असतो. त्यात एखादं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा, ढिलं असलं की गेलंच, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली आणि तो बिचारा नियमानं बंद होतो. त्याचं काहीच चुकत नाही, म्हणून तर दुसरा आणि तिसरा डबाही तेच करतोय.

खात्री करायची असेल तर एक मल्टिमीटर घ्या. फ्रीज चालू करताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा आणि एकदा इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर बघा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला की वायर किंवा जोड दोषी. बॅटरीवरच व्होल्टेज कोसळलं तर मग बॅटरीकडं बघायचं. हे दोन आकडे घेतल्याशिवाय पुन्हा दुकानात चकरा मारू नका.

उपाय म्हणजे इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ आणा. एक मीटरच्या आत. इन्व्हर्टरनंतरची 230 व्होल्टची वायर लांब गेली तर काही बिघडत नाही, तिथं करंट चार-पाच अँपिअर असतो, लांबी वाढवायची ती त्या बाजूला. एक मीटर अंतर आणि 35 स्क्वेअरची वायर टाकली तर त्याच 80 अँपिअरला एक दशांश व्होल्टसुद्धा पडत नाही. 35 स्क्वेअरसाठी बारीक तारांची तांब्याची वेल्डिंग केबल चालते, गाडीच्या हादऱ्याला ती बरी, फक्त तांब्याचीच आहे ना ते टोक सोलून बघून घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकतात आणि तिच्यात रेझिस्टन्स दीडपटीच्या वर असतो. सोललेली तार चाकूनं खरवडली की आतली पांढरी चकाकी लगेच दिसते.

थिंबल मात्र हायड्रॉलिक क्रिम्परनंच दाबून घ्या. पकडीनं चेपून वर टेप गुंडाळणं, हातोडीनं ठोकणं, हे नको. वेल्डिंगवाल्याकडं नाहीतर सोलर पंप बसवणाऱ्याकडं क्रिम्पर असतो, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि तुमच्या पत्रात फ्यूजचा उल्लेखच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटतेय. बॅटरीच्या प्लसपासून एक वीतभर अंतराच्या आत फ्यूज पाहिजेच पाहिजे. आत्ता तुमची पाच मीटर वायर सीटखालून, पत्र्याच्या कडेवरून गेलीय, हादऱ्यानं इन्शुलेशन घासलं आणि तांबं बॉडीला टेकलं तर बॅटरी हजारो अँपिअर ओतायला बसते आणि काही सेकंदात वायर लाल होते. इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज तिथं उपयोगाचा नाही, तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. 1000 वॅटच्या डब्याला साधारण 125 अँपिअरचा फ्यूज लावतात आणि वायर त्याहून जास्त करंट सोसणारी हवी. लेड-ॲसिडला एएनएल टाइपचा चालतो, लिथियम असेल तर क्लास-टी बघा, लिथियमचा शॉर्ट सर्किटचा करंट एवढा असतो की साधा फ्यूज उडाल्यावरही आत ठिणगीचा पूल तसाच राहू शकतो. घरातल्या बोर्डातला एसीचा एमसीबी डीसीला लावायचा नाही, तेच कारण. आजच्या आज हे करा, तोपर्यंत गाडी उभी असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा.

प्रश्न (बीड): आमचं भजनी मंडळ आहे, पिकअपवर माइक-अँप्लिफायर घेऊन गावोगाव जातो. स्वस्तातला इन्व्हर्टर लावला तर स्पीकरमधून सतत गूं-गूं आवाज येतो, महाराज चिडतात. कामून येतो हा आवाज?

उत्तर: तुमचा डबा मॉडिफाइड साइन वेव्हचा दिसतो. घरी येणारी वीज गोलसर लाटेसारखी वरखाली होते, हा डबा पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतो. बल्बला, मोबाइल चार्जरला सहसा चालून जातं, पण अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला त्या पायऱ्या झेपत नाहीत, तो गुरगुरतो, तापतो आणि ती गुरगुर स्पीकरमधून ऐकू येते. पंखाही अशा डब्यावर घुमतो.

पण बाप्पा, नवा डबा घ्यायच्या आधी अँप्लिफायरची पाठ बघा. सभा-भजनाला वापरतात त्या पीए अँप्लिफायरच्या बऱ्याच मॉडेलना मागं 12 किंवा 24 व्होल्ट बॅटरीचे टर्मिनल दिलेलेच असतात. असले तर इन्व्हर्टरची गरजच नाही, थेट बॅटरी, मधे फ्यूज, प्लस-मायनस नीट बघून जोडायचं, कारण उलटं लागलं तर अँप्लिफायर तिथंच जातो. 12 ची जागा असेल तर 12 च, 24 ची असेल तर 24. टर्मिनल नसतील तर प्युअर साइन वेव्ह घ्या, अँप्लिफायरच्या मागं जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा, आणि माइकची वायर इन्व्हर्टरच्या वायरीसोबत एकत्र बांधू नका, दोन्ही वेगळ्या बाजूनं न्या. काकड आरतीच्या वेळी गाव शांत असतं तेव्हा एवढीशी गुरगुरही ऐकू येते, म्हणून हे वेगळं करणं महत्त्वाचं.

आणखी एक, पिकअपच्या स्वतःच्या बॅटरीवर रात्रभर जागर चालवू नका, सकाळी गाडी चालू होणार नाही. वेगळी बॅटरी ठेवा.

प्रश्न (परभणी): बाबांना झोपेत सीपॅप मशीन लागतं. ट्रॅव्हलर करून तिरुपतीला जायचंय, रात्री गाडीतच झोपायचा विचार आहे. कोणता इन्व्हर्टर घेऊ की रात्री बंद पडणार नाही? त्यांना ऑक्सिजन मशीन लागलं तर तेही चालेल का?

उत्तर: ताई, सीपॅपसाठी इन्व्हर्टर नकोच, हेच जास्त खात्रीचं. मशीनचा जो काळा अडॅप्टर असतो तो 230 ला 24 किंवा 12 व्होल्ट डीसी करतो. म्हणजे आधी बॅटरीचं डीसी, इन्व्हर्टरमध्ये 230 एसी, मग अडॅप्टरमध्ये परत डीसी, हा उलटा-सुलटा फेरा झाला आणि बंद पडायची एक जास्तीची जागा झाली. बऱ्याच मशीनच्या कंपन्या स्वतःचा डीसी कन्व्हर्टर विकतात, तो 12 व्होल्ट बॅटरीवरून मशीनला हवं ते व्होल्टेज देतो. मशीनच्या खालच्या लेबलवर मॉडेल आहे, तेच सांगून कंपनीचाच मागवा, लोकल नको.

विजेचा हिशोब असा, ह्युमिडिफायरची (हवा ओलसर करणाऱ्या भागाची) हीटर प्लेट बंद असेल तर मशीन साधारण 30-40 वॅट घेतं, आठ तासांना 0.3 युनिट. 100 एएच लिथियम बॅटरीत वापरण्याजोगं एक युनिट असतं, म्हणजे तीन रात्री आरामात. हीटर चालू ठेवला तर खर्च दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. हीटर बंद ठेवला तर बाबांना चालेल का ते डॉक्टरांना विचारा, ते आपण ठरवायचं नाही. आणि निघायच्या आधी घरीच एक पूर्ण रात्र बॅटरीवर मशीन चालवून बघा, सकाळी बॅटरी किती उरली ते लिहून ठेवा. रस्त्यात पहिली रात्र ही चाचणीची रात्र व्हायला नको.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं गणित एकदम वेगळं आहे. पाच लिटरचं मशीन 300-350 वॅट सलग ओढतं, आठ तासांना अडीच-पावणेतीन युनिट, आणि आत कॉम्प्रेसर असल्यामुळं सुरू होताना जोराचा झटका. ते गाडीतल्या बॅटरीवर रात्रभर चालवायचं धाडस करू नका. ऑक्सिजनची गरज पडण्यासारखी परिस्थिती असेल तर मुक्काम धर्मशाळेत, लॉजवर, जिथं लाइट आहे तिथंच करा आणि सिलिंडर सोबत ठेवायचं का, गाडीत कसं बांधायचं, हे डॉक्टर आणि सिलिंडर देणाऱ्याकडून समजून घ्या. सीपॅपचं मात्र बिनधास्त जमतंय.

प्रश्न (जालना): घरातला चालू इन्व्हर्टर आणि 150 एएच ट्युब्युलर बॅटरी आहे. चार दिवस गाडीत टाकून नेली तर काय बिघडतं?

उत्तर: इन्व्हर्टरचं फारसं बिघडत नाही, ट्रान्सफॉर्मरवाला जड डबा असेल तर तो फ्रीज-मिक्सरचा झटका हलक्या डब्यापेक्षा चांगला सोसतो, फक्त वजनदार आहे म्हणून घट्ट बांधावा लागतो. तो साइन वेव्ह आहे का तेवढं बघा, आणि 900 व्हीए लिहिलंय म्हणजे 900 वॅट नाही, सातशेच्या आसपास धरा.

बॅटरीचं मात्र बिघडतं. ट्युब्युलरमध्ये सुटं ॲसिड असतं, गाडी आदळली, कलली की झाकणातून उसळतं, खालचा पत्रा खातं, कपड्यांवर पडतं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो हलका असल्यानं वर छताशी साचतो आणि तुम्ही बंद गाडीत झोपलेले. न्यायचीच असेल तर झोपायच्या जागेत नको, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, वर-खाली हवा जायला जाळी, खाली प्लास्टिकचा ट्रे, पट्ट्यानं आवळून. माझं मत विचाराल तर घरची बॅटरी घरी राहू द्या. गाडीसाठी बंद एजीएम (आत सुटं ॲसिड नसलेली) किंवा लिथियम घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): म्हैसमाळला मुक्कामाला गेलो तेव्हा रिसॉर्टच्या बोर्डावरून गाडीला लाइट घेतला. गाडीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. नुसता इन्व्हर्टर चालू असताना पण थोडं होतं. हे धोक्याचं आहे का?

उत्तर: हो, धोक्याचं आहे, आणि पावसात अनवाणी उभं राहून दार धरलं तर जास्तच. बाहेरून लाइट घेताना तीन पिनची वायर आणि तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का हे आधी बघायचं. रिसॉर्ट, लग्नाचं कार्यालय, मंदिराचं पार्किंग, बऱ्याच ठिकाणी सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागं वायरच नसते. दोन-तीनशे रुपयांत सॉकेट टेस्टर मिळतो, तीन दिव्यांचा, तो गाडीत ठेवा, लावला की लगेच कळतं. अर्थिंग नसेल तर तिथं लाइट घ्यायचा नाही, एक रात्र बॅटरीवर काढायची.

गाडीत आत येणाऱ्या लाइनवर पहिल्यांदा 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, मग एमसीबी. आणि बाहेरचा लाइट व इन्व्हर्टर यांच्यामध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. इन्व्हर्टरच्या आउटपुटमध्ये बाहेरची वीज उलटी घुसली की डबा त्याच क्षणी मेला, वॉरंटीत पण घेत नाहीत.

नुसत्या इन्व्हर्टरवर झिणझिण्या येतात कारण बऱ्याच डब्यांच्या आउटपुटची एकही तार गाडीच्या बॉडीला जोडलेली नसते, दोन्ही तारा अधांतरी, आणि उपकरणांच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येत राहतो. अशा वेळी आरसीसीबी सुद्धा नीट काम करत नाही. उपाय म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ एका जागी जोडणं, पण थांबा, हे मॅन्युअलमध्ये 'जोडता येतं' असं लिहिलेलं असेल तरच. काही स्वस्त डब्यांच्या दोन्ही तारांवर अर्धं-अर्धं व्होल्टेज असतं, त्यात न्यूट्रल बॉडीला जोडला तर आतलं सर्किट फुटतं. म्हणून यूट्यूब बघून हे काम करू नका, लायसनवाला वायरमन बोलवा आणि त्याला मॅन्युअल दाखवा. इन्व्हर्टरच्या डब्याला अर्थचा स्क्रू असतो, त्यावरून चॅसिसला जाड हिरवी वायर मात्र नक्की जोडा, रंग खरवडून, उघड्या लोखंडावर.

प्रश्न (हिंगोली): आमच्या गाडीचं काम पुढच्या आठवड्यात संपतंय. आरटीओचं काही करावं लागतं का, छतावर सोलर टाकावं का, आणि काम ताब्यात घेताना काय तपासू?

उत्तर: आरटीओचं हो. सीटा काढून बेड टाकणं हा गाडीतला बदल आहे, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये येतो, आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण त्यानं आरसीवरची नोंद टळत नाही. तुमच्या आरटीओत आधीच जाऊन विचारा, गाडी तयार झाल्यावर नाही.

सोलर टाका. 200 वॅटच्या दोन प्लेट छतावर सपाट बसवल्या तर उन्हाळ्यात आपल्याकडं दिवसाला सव्वा ते दीड युनिट मिळतं. प्लेट तापली की ताकद कमी होते, डिग्रीमागं 0.35 टक्क्याच्या आसपास, म्हणून प्लेट पत्र्याला चिकटवू नका, खालून दोन-तीन इंच हवा जाऊ द्या. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे प्लेटमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, घ्या. काळ्या मातीची धूळ बसली की ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, हीच काय ती मेहनत. श्रावणात मात्र ढगांमुळं निम्मंही मिळत नाही, तेव्हा इंजिनवरच्या चार्जिंगवर भिस्त.

ताब्यात घेताना पैसे चुकते करायच्या आधी अर्धा तास काढा. घरची 1000 वॅटची इस्त्री सोबत न्या, डबा 1500 चा असेल तर हा लोड त्याला झेपलाच पाहिजे. इन्व्हर्टरवर इस्त्री लावा, थर्मोस्टॅट फुल, म्हणजे ती कमी वेळा बंद होईल, आणि वीस मिनिटं चालू द्या. या वेळात, इस्त्री तापत असतानाच, बॅटरीवरचं आणि इन्व्हर्टरवरचं व्होल्टेज मोजा, फरक पाव व्होल्टच्या आत हवा. मग इस्त्री बंद करा, इन्व्हर्टर बंद करा, आणि एकेका थिंबलजवळ वायरीच्या इन्शुलेशनवर बोट ठेवून बघा, उघड्या धातूवर नाही. सगळीकडं सारखं कोमट लागलं तर ठीक, एकच जोड चटका देत असेल तर तो जोड खोलून पुन्हा करून घ्या, तिथंच पुढं आग लागते. इन्व्हर्टरचा फॅन फिरतो का, फॅनच्या तोंडासमोर हातभर जागा मोकळी आहे का, ते बघा. फ्यूज कुठं आहे ते बोटानं दाखवायला सांगा, त्याच्यावरचा आकडा वाचा, तसलाच एक जास्तीचा घेऊन ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. वायर पत्र्यातून जिथं जाते तिथं रबरी ग्रोमेट आहे का ते टॉर्च लावून बघा, नुसतं ड्रिलनं पाडलेलं भोक असेल तर काम परत पाठवा.

पहिल्या लांबच्या फेरीहून आलात की सगळे नट पुन्हा पान्यानं तपासा, आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यानं ते ढिले होतात. त्या आधी बॅटरीचा मेन स्विच बंद करा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळून घ्या, प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की तो तिथंच वेल्ड होतो.